हंसाबाईंचं सांगणं आणि आपला मराठवाडा
(सोनपेठ येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय जुन्या सिनेमातल्या माणसांच्या चरित्रांचा. सोनपेठला येऊन सिनेमावाल्यांच्या गोष्टी कशाला, असं कोणाच्या मनात आलं असेल तर ते चूक नाही. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक ही सिनेमाची गावं. आपल्याकडे सिनेमा आला तो बैलगाडीतून नाहीतर ट्रकमधून, तंबूत लागला, जत्रा संपली की निघून गेला. पण एक धागा असा आहे की तो थेट आपल्या अंगणात येतो. तिथूनच सुरुवात करू.

इथून जवळ गंगाखेड. संत जनाबाईंचं गाव. लहानपणीच ही मुलगी पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला गेली आणि जन्मभर स्वतःला नामदेवाची दासी म्हणवत राहिली. तिचं चरित्र तिच्या हयातीत कोणी लिहिलं नाही. जे आपल्याला ठाऊक आहे ते तिच्या अभंगांमधून आणि लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या कथांमधून. जात्याशी बसलेली जनी आणि तिला दळू लागणारा विठ्ठल, हे चित्र आपल्या आयाबायांच्या डोळ्यांसमोर कायमचं आहे.

१९४९ साली या जनाबाईवर प्रभातचा चित्रपट आला, ‘संत जनाबाई’. त्यात जनी झाल्या होत्या हंसा वाडकर. आज आपण ज्या पुस्तकाबद्दल बोलणार आहोत ते याच हंसाबाईंचं, ‘सांगत्ये ऐका’. आणि गंमत म्हणा, दैव म्हणा, त्या पुस्तकातला सगळ्यात अंधारा काळ आपल्या मराठवाड्यातल्या एका खेड्यात गेलेला आहे. गंगाखेडची जनी पंढरपूरला गेली, आणि पडद्यावरची जनी मराठवाड्यात येऊन अडकली. हा धागा आपण पुढे उलगडूच. आधी थोडं लांबून येऊ.

सिनेमातल्या माणसांची आयुष्यं लिहिणं हा हॉलीवूडमध्ये एक धंदाच आहे. चरित्रं, आत्मचरित्रं, आणि चरित्राच्या अंगानं जाणाऱ्या कादंबऱ्या, ढिगानं. गॅव्हिन लॅम्बर्ट नावाचा एक लेखक होता. मूळचा इंग्लंडचा, पुढे हॉलीवूडमध्ये पटकथा लिहू लागला. १९६३ साली त्यानं ‘इनसाइड डेझी क्लोव्हर’ ही कादंबरी लिहिली. स्टुडिओच्या हातात सापडलेल्या एका कोवळ्या पोरीची गोष्ट. दोन वर्षांनी तिच्यावर सिनेमा झाला आणि ती भूमिका केली नॅटली वुडनं, जी स्वतःच लहानपणापासून स्टुडिओत राबलेली. त्यानंतर कितीतरी वर्षांनी, २००४ साली, याच लॅम्बर्टनं नॅटली वुडचं चरित्र लिहिलं. म्हणजे बघा, आधी कल्पित मुलगी, मग ती साकारणारी खरी बाई, आणि शेवटी त्या खऱ्या बाईचं चरित्र. लेखक तोच.

दुसरं उदाहरण सगळ्यांना माहीत असलेल्या नावाचं. मेरिलिन मन्रो. ती १९६२ साली गेली. १९७४ साली तिचं ‘माय स्टोरी’ नावाचं आत्मचरित्र बाजारात आलं. मजकूर तिच्या तोंडचा, पण १९५४ च्या सुमारास तो उतरवला होता बेन हेक्ट या पटकथाकारानं. पुढे २००० साली जॉइस कॅरल ओट्स या लेखिकेनं तिच्यावर ‘ब्लाँड’ ही जाडजूड कादंबरी लिहिली आणि बजावून सांगितलं की ही कादंबरी आहे, चरित्र समजू नका. तरी वाचणारे समजायचे ते समजलेच.

ही दोन उदाहरणं सांगायचं कारण एवढंच की नटीचं आयुष्य सहसा एका हातानं लिहिलं जात नाही. ती बोलते, दुसरा लिहितो, तिसरा त्यावर सिनेमा काढतो. प्रत्येक टप्प्यावर काही उरतं, काही गळतं. काय गळलं हे पाहणं इतिहास वाचणाऱ्याचं काम.

आता आपल्या मराठीच्या फळीकडे वळू. ही फळी चांगली भरलेली आहे बरं का. दादासाहेब फाळक्यांचं चरित्र बापू वाटव्यांनी लिहिलं. प्रभातचा इतिहासही त्यांनीच ‘एक होती प्रभातनगरी’ मध्ये सांगितला. व्ही. शांताराम यांचं ‘शांतारामा’ आहे. दुर्गा खोट्यांचं ‘मी, दुर्गा खोटे’ १९८२ सालचं. लीला चिटणीसांचं ‘चंदेरी दुनियेत’ त्याच्या आदल्या वर्षीचं. शांता हुबळीकरांचं ‘कशाला उद्याची बात’ आहे.

ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचली की एक गोष्ट लक्षात येते. पुरुषांच्या पुस्तकात स्टुडिओ उभा राहतो. कॅमेरा कुठून आणला, कर्ज कोणी दिलं, पहिला खेळ कसा गेला. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, १ जून १९२९ ला कोल्हापुरात प्रभात सुरू झाली, १९३३ साली ती पुण्याला आली, १९३७ ला ‘संत तुकाराम’चा व्हेनिसला गौरव झाला. तारखा, करार, यंत्रं. बायकांच्या पुस्तकात स्टुडिओ असतोच, पण त्याच्या मागे घर दिसत राहतं. पैसा कोणाच्या हातात जात होता, मूल कोणी सांभाळलं, रात्री दार कोणी उघडलं आणि कोणी उघडलं नाही.

फाळक्यांच्या वेळी तर बाई पडद्यावरही नव्हती. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके. त्यानंतर ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये कमलाबाई आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत या पडद्यावर आल्या. आणि पडद्यामागे सरस्वतीबाई फाळके होत्याच. घरातल्या सगळ्यांचा स्वयंपाक उरकून रात्री फिल्मला भोकं पाडायचं काम त्या करत. पण सरस्वतीबाईंचं आत्मचरित्र आपल्या फळीवर नाही. त्या आपल्याला भेटतात त्या नवऱ्याच्या चरित्रात.

दुर्गाबाई खोटे शिकलेल्या, सुखवस्तू घरातल्या. त्यांनी आपलं पुस्तक स्वतः लिहिलं. हंसाबाईंची गोष्ट निराळी. त्यांचा जन्म १९२३ चा, मुंबईचा. मूळ नाव रतन साळगावकर. घरची ओढग्रस्त, त्यामुळे शाळेच्या वयात कमवायची पाळी आली. १९३६ साली ‘विजयाची लग्ने’ या चित्रपटातून त्या आल्या तेव्हा वय तेराच्या आसपास. वाडकर हे नाव आत्येकडचं. नंतर बॉम्बे टॉकीजचा ‘नवजीवन’, प्रभातचे ‘संत सखू’ आणि ‘रामशास्त्री’, १९४७ चा ‘लोकशाहीर राम जोशी’. राम जोशीतल्या बयेनं त्यांना महाराष्ट्रभर पोचवलं. आणि १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’. पुण्याच्या विजयानंदला तो सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. आपल्या भागात ज्यांनी ज्यांनी तंबूत सिनेमा पाहिला त्यांच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी या चित्रपटाची आठवण अजून निघते.

साठच्या दशकात ‘माणूस’ मासिक-साप्ताहिकांच्या जगात नवं काही करू पाहत होतं. श्री. ग. माजगावकर संपादक. त्यांच्यासाठी हंसाबाईंची कहाणी शब्दांत उतरवली ती अरुण साधू यांनी. होय, तेच अरुण साधू ज्यांनी पुढे १९७२ ला ‘मुंबई दिनांक’ आणि मग ‘सिंहासन’ लिहिलं. तेव्हा ते तरुण पत्रकार होते. हंसाबाई बोलल्या, साधूंनी लिहिलं. १९७० साली राजहंस प्रकाशनानं त्याचं पुस्तक केलं. त्यानंतर थोड्याच काळात हंसाबाई गेल्या. पन्नाशीही गाठली नाही.

नाव मात्र चित्रपटाचंच ठेवलं. यात नुसती प्रसिद्धीची सोय नव्हती. त्या चित्रपटाचा गाभा काय? गावच्या बड्या माणसानं केलेला जुना अन्याय तमाशाच्या फडावर, भरल्या गावासमोर, उघड सांगितला जातो. तोवर गाव गप्प असतं. आता त्याच नावानं नटी स्वतःचं सांगायला बसली. आणि शब्दही पहा, ‘सांगते’ नाही, ‘सांगत्ये’. बोलीतला. लिहिणाऱ्यानं बोलणारीचा आवाज पुस्तकाच्या दारातच उभा केला.

आता लिहिणाऱ्याचा भाग किती आणि बोलणारीचा किती? हा प्रश्न रास्त आहे. प्रसंग कोणत्या क्रमानं ठेवायचे, कुठं थांबायचं, हे शब्दांकन करणारा ठरवतो. आज आम्ही इथं बोलतोय, हेही उद्या कोणीतरी लिहून काढणार, आमचे अडखळणे गाळणार, वाक्यं सरळ करणार. पण साधूंनी एक गोष्ट केली नाही, त्यांनी बाईला सोज्वळ केलं नाही. त्या काळी नटीच्या आत्मकथनात अपेक्षा असायची कलेची साधना, गुरुकृपा, रसिकांचे आभार. हंसाबाई सांगतात दारूबद्दल, नवऱ्याशी झालेल्या भांडणांबद्दल, दुसऱ्या पुरुषांबद्दल, आणि संसार करायची इच्छा असताना कमाईसाठी पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभं राहावं लागल्याबद्दल. स्वतःच्या चुका त्या लपवत नाहीत आणि त्यांचं भांडवलही करत नाहीत. म्हणून ते छोटंसं पुस्तक अजून टिकलंय. २०१३ साली त्याचं इंग्रजी भाषांतरही आलं.

आता मराठवाड्याकडे येऊ.

घरी खटका उडाला आणि हंसाबाई बाहेर पडल्या. एका गृहस्थांबरोबर त्यांच्या मराठवाड्यातल्या गावी आल्या. तिथं त्या घरात आधीच दोन बायका होत्या. ही तिसरी. पडद्यावर जिला महाराष्ट्र ओळखत होता ती बाई तिथं डोक्यावर पदर घेऊन वाड्याच्या आत राहिली, आणि तिला बाहेर पडता येईना. जवळजवळ तीन वर्षं. शेवटी कसंबसं नवऱ्याला कळवलं, तो सरकारी माणसं घेऊन आला, सुटका झाली. आणि त्या सुटकेच्या वाटेवर, ज्याच्या हाती कायदा होता अशा अधिकाऱ्यानंच आपल्यावर अत्याचार केला, असं त्यांनी सांगितलं आहे.

इथं आम्हाला ‘संत सखू’ आठवतो. १९४१ चा प्रभातचा चित्रपट, सखू अर्थात हंसाबाई. कथा आपल्या सगळ्यांना पाठ. सासरचे तिला खांबाला बांधून ठेवतात, विठ्ठल तिच्या रूपात येऊन स्वतः बांधून घेतो, आणि सखू पंढरपूरला जाते. पडद्यावर ज्या बाईसाठी देव खांबाला उभा राहिला, तिच्यासाठी खऱ्या वाड्यात कोणी उभं राहिलं नाही. गावात माणसं नव्हती का? होती. गडी होते, शेजारी होते, पाणी भरणाऱ्या बायका होत्या. वाड्याच्या आत काय चाललंय ते गावाला कळत असतंच. गाव गप्प होतं. सिनेमातल्यासारखंच.

१९७७ साली श्याम बेनेगलांनी या पुस्तकावरून ‘भूमिका’ काढला. पटकथा त्यांच्यासह गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांची. हंसाबाईंच्या जागी उषा, आणि ती झाली स्मिता पाटील. त्या कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट मोठाच आहे. पण पुस्तक आणि चित्रपट शेजारी ठेवा. मराठवाड्यातलं ते घर तिथं अमरीश पुरींनी केलेल्या काळे नावाच्या जमीनदाराचा वाडा होतं. दोन बायकांच्या जागी अंथरुणाला खिळलेली एक पत्नी येते, म्हातारी आई येते, लहान मुलगा येतो. उषा त्या घरात रमतेही, आणि एक दिवस साधं जत्रेला जायचं म्हटल्यावर तिला कळतं की उंबऱ्याबाहेर जायची परवानगीच नाही. पडद्यावर हे फार परिणामकारक आहे. सुटकेनंतरचा तो अधिकारी मात्र चित्रपटात नाही. सुटका ही सुटकाच राहते.

यात बेनेगलांना दोष द्यायचा नाही. कथेला आकार देताना काहीतरी सोडावंच लागतं. पण ज्यानं फक्त ‘भूमिका’ पाहिला, त्याला वाटेल की सगळा जाच जमीनदाराच्या वाड्यात होता आणि सरकार आलं की बाई सुटली. पुस्तक वाचणाऱ्याला असं वाटणार नाही. फरक छोटा नाही.

आता तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, ते गाव कोणतं? घराणं कोणतं? हा प्रश्न येणारच. आमची विनंती अशी की त्या शोधाच्या मागे लागू नका. नाव सापडलं तर चार दिवस चघळायला विषय होईल, एका गावावर, एका कुटुंबावर बोट ठेवून बाकीचा मराठवाडा मोकळा होईल. तसे वाडे एकाच गावात होते का? आपापल्या गावचे जुने वाडे आठवा. वरच्या मजल्याची जाळीची खिडकी आठवा.

आम्हाला त्या घरातल्या दुसऱ्या दोन बायकांचं जास्त वाटतं. हंसाबाई तीन वर्षांनी सुटल्या. त्यांच्याकडे नाव होतं, नवरा होता, मुंबई होती, पुढे लिहून घ्यायला अरुण साधू होते. त्या दोघी तिथंच राहिल्या. एक दिवस घरात एक नटी आली, सवत म्हणून राहिली, आणि एक दिवस पोलीस आले आणि ती गेली. त्या दोघींनी हे सगळं कसं पाहिलं असेल? रागानं, दयेनं, की हिला तरी जाता आलं अशा हेव्यानं? चित्रपटानं तर दोघींची एकच केली आणि तिला अंथरुणावर निजवलं. त्यांचं आत्मचरित्र नाही, त्यांच्यावर कादंबरी नाही. जनाबाईंना निदान आपले अभंग होते.

मग इतिहास लिहिणाऱ्यानं काय करायचं? कल्पनेनं भरून काढायचं का? कादंबरीकारानं जरूर काढावं, ओट्सबाईंसारखं सांगून सवरून काढावं. इतिहासवाल्याला मात्र आधी जे आहे ते नीट वाचावं लागतं. आत्मकथनात तारखा घसरतात, माणूस आठवणीतून बोलतो. म्हणून चित्रपटांच्या तारखा जाहिरातींशी ताडून पाहायच्या. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, तिथं जुन्या चित्रपटांच्या पुस्तिका, भित्तिपत्रकं, फोटो जपलेले आहेत. तंबूच्या दारात काही पैशांना मिळायची ती गाण्यांची पातळ पुस्तिका आठवते ना? त्यावर नटांची नावं, कंपनी, कथासार, सगळं असतं. तोही पुरावाच आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी आजीच्या ट्रंकेत अशी पुस्तिका असेल तर ती रद्दीत घालू नका.

आणि दुसरं काम त्याहून सोपं, पण वेळ निघून चाललाय. आपल्या तालुक्यात ऐंशी-नव्वदीतल्या बाया आहेत. त्यांना विचारा, तंबूत सिनेमा लागायचा तेव्हा तुम्हाला जाऊ देत होते का? कोणाबरोबर जायचात? बायकांची बाजू कनात लावून वेगळी केलेली असायची, तिथं बसून काय पाहिलंत? ‘संत सखू’ पाहताना रडलात का? आणि ज्यांना जाऊ दिलं नाही, त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडून सिनेमा कसा ऐकला? आम्ही हे जिथं जिथं विचारतो तिथं पहिलं उत्तर एकच येतं, “आमचं काय सांगायचं, आमच्यात काय ठेवलंय.” जरा थांबलं, चहा घेतला, की मग सांगायला लागतात. सिनेमापासून सुरू होतं आणि घरापर्यंत येतं.

लिहून घेताना एक पथ्य पाळा. त्या जसं बोलतील तसं लिहा. ‘सांगत्ये’ म्हणाल्या तर ‘सांगते’ करू नका. आणि त्यांना न विचारता नावं छापू नका, कारण गावात त्यांना राहायचंय.

हंसाबाईंनी पुस्तकाला जे नाव दिलं त्यात दोन शब्द आहेत. पहिलं काम त्यांनी केलं. दुसरं, ऐकायचं, ते त्या काळी आपल्या भागात झालं नाही. आता जुन्या माणसांपाशी बसून ते थोडंफार करता येईल. प्रश्न असतील तर विचारा, आपण बोलू.